पिअरसन की मँडर्स? दोन रंग एकाच जागी दिसतात तेव्हा

पेशीतील एका प्रथिनाला लाल आणि दुसऱ्याला हिरवे फ्लुओरेसंट (प्रकाश पडताच स्वतः चमकणारे) लेबल लावून कॉनफोकल सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे नमुन्याच्या एकाच पातळीतला प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून, घेतलेल्या प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या आणि पिवळे ठिपके दिसले, की दोन्ही प्रथिने एकत्र आहेत असे लिहून टाकण्याचा मोह होतो. पण पडद्यावरची चमक थोडी वाढवली तरी हा पिवळेपणा बदलतो, म्हणून आकडा काढावा लागतो. त्यासाठी पिअरसनचा सहसंबंध गुणांक आणि मँडर्सचे गुणांक सर्रास वापरले जातात. कोणताही वापरला तरी चालतो, ही समजूतही तितकीच सर्रास आहे आणि ती चुकीची आहे.

पिअरसनचा गुणांक दोन रंगांची तीव्रता सोबतीने वाढते-घटते का, हे पाहतो आणि -१ ते +१ यांच्यामधला एकच आकडा देतो. मँडर्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेले गुणांक दोन आहेत: लाल प्रकाशाच्या एकूण बेरजेतील किती वाटा हिरवा असलेल्या पिक्सेलांत आहे, आणि हिरव्यातील किती वाटा लाल असलेल्या पिक्सेलांत आहे. दोन्ही ० ते १ यांच्यामध्ये असतात. समजा, चार पिक्सेलांत लाल १०, २०, ३०, ४० आणि हिरवा ४०, ३०, २०, १० आहे. इथे मँडर्सचे दोन्ही गुणांक १ येतात आणि पिअरसनचा -१. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. सहवास पूर्ण आहे, प्रमाण मात्र उलटे आहे.

जीवशास्त्रातले प्रश्न बहुधा एकतर्फी असतात, आणि तिथे मला मँडर्स अधिक बोलका वाटतो. एखादे प्रथिन लाल आणि लायसोसोम, म्हणजे पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या, हिरव्या रंगवल्या आहेत असे समजा. प्रथिन प्रत्येक लायसोसोममध्ये असेल, पण त्याचा ३० टक्केच साठा तिथे आणि उरलेला पेशीद्रवात असेल, तर लाल रंगाचा गुणांक ०.३ आणि हिरव्याचा १ च्या जवळ येतो. पिअरसनच्या एका आकड्यात हा फरक बुजून जातो.

मँडर्सची दुखरी बाजू म्हणजे पार्श्वभूमी. कॅमेरा अंधारातही प्रत्येक पिक्सेलला साधारण १०० अशी मूळ किंमत देत असेल आणि ती वजा केली नाही, तर प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन्ही रंग 'आहेत' असे ठरते आणि दोन्ही गुणांक १ होतात. सगळीकडे सारखी मिळवलेली संख्या पिअरसनला मात्र बाधत नाही. म्हणून मँडर्ससाठी उंबरठा, म्हणजे ज्याखालची तीव्रता 'रंग नाही' अशी धरायची ती किंमत, ठरवावा लागतो, आणि तो नजरेने सरकवण्याऐवजी कॉस्टेस आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील पद्धतीने ठरवणे प्रामाणिकपणाचे आहे: उंबरठ्याखालच्या पिक्सेलांत सहसंबंध उरत नाही तिथवर तो खाली आणला जातो. पिअरसनचा सापळा वेगळा आहे. पेशीबाहेरचे दोन्ही रंगांत काळे असलेले पिक्सेल हिशेबात धरले, तर काही संबंध नसतानाही गुणांक फुगतो. त्यामुळे मोजणी पेशीच्या सीमारेषेच्या आतच करावी. ८ बिटच्या प्रतिमेत २५५ या कमाल किमतीला टेकलेले, म्हणजे संपृक्त झालेले पिक्सेल तर दोन्ही मापे बिघडवतात.

प्रथिने एकमेकांना चिकटली आहेत, असे दोघांपैकी कोणीही सांगू शकत नाही. कॉनफोकलचा एक ठिपका सुमारे २०० नॅनोमीटरचा असतो, आणि हिरवे फ्लुओरेसंट प्रथिन स्वतः जेमतेम ४ नॅनोमीटर लांब असते; त्या एका ठिपक्यात कधीच न भेटलेली कितीतरी प्रथिने मावतात. तो प्रश्न असेल, तर सुमारे १० नॅनोमीटरच्या आतल्या अंतरावरच घडणाऱ्या ऊर्जा-हस्तांतरणाचे, म्हणजे 'फ्रेट'चे, मोजमाप करावे लागते.