एमक्यू-१३५ सेन्सरचे कॅलिब्रेशन

एमक्यू-१३५ हा अमोनिया, अल्कोहोल, बेंझीन, धूर अशा वायूंना प्रतिसाद देणारा स्वस्त सेन्सर आहे. त्याच्या विद्युत रोधात होणाऱ्या बदलाची वायूच्या माहीत असलेल्या प्रमाणाशी सांगड घालणे म्हणजे त्याचे कॅलिब्रेशन. परिभाषेत याला अंशांकन म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा शब्द वापरला तर दुकानदार वर बघेल. शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांत ‘हवेची गुणवत्ता मोजणारे यंत्र’ म्हणून जे दाखवतात, त्यात बहुधा हाच सेन्सर असतो, आणि बहुधा त्याचे कॅलिब्रेशन झालेले नसते.

या जातीच्या सेन्सरचा उगम स्वयंपाकघरातल्या गॅसच्या धास्तीत आहे. घरगुती गॅसची गळती वेळीच कळावी म्हणून जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली धातूच्या ऑक्साइडचा अर्धवाहक सेन्सर शोधला. पुढे १९६९ मध्ये त्यांची फिगारो ही कंपनी उभी राहिली. एमक्यू मालिका त्याच तत्त्वावर चीनमध्ये बनते. तापवलेल्या टिन डायऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो आणि थराचा रोध वाढतो. अमोनिया किंवा अल्कोहोलसारखा क्षपणक वायू आला की तो हा ऑक्सिजन खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. वायू कोणता, हे थराला कळत नाही. फोडणीचा धूर, उदबत्ती, सॅनिटायझरची वाफ, तुंबलेले गटार, सगळ्यांना तो एकाच आवाजात ‘आलं काहीतरी’ म्हणतो. उलट वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड ऑक्सिडीकारक असल्याने रोध वाढवतो. त्यामुळे रहदारीच्या चौकात कार्बन मोनॉक्साइड रोध खाली ओढतो, नायट्रोजन डायऑक्साइड वर, आणि आकडा निर्मळ हवेचा दिसू शकतो.

कॅलिब्रेशन लागते ते एका सेन्सरचा दुसऱ्याशी मेळ नसल्यामुळे. १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) अमोनियात रोध ३० ते २०० किलो-ओहम यांमध्ये कुठेही असू शकतो, असे डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रकच सांगते. म्हणून प्रत्यक्ष रोध (आरएस) न वापरता तो संदर्भ रोधाने (आर-शून्य) भागतात आणि आलेल्या गुणोत्तरावरून आलेखातले पीपीएम काढतात. २० अंश सेल्सिअस व ६५ टक्के आर्द्रतेत १०० पीपीएम अमोनिया असताना जो रोध मिळेल, तो आर-शून्य. घरी इतके कोण करणार? म्हणून डेटाशीटच्या आलेखावरून, स्वच्छ हवेत हे गुणोत्तर सुमारे ३.६ असते असे धरून, स्वच्छ हवेतल्या रोधाला ३.६ ने भागायची पद्धत रूढ झाली.

त्याआधी मॉड्यूलकडे, म्हणजे सेन्सर ज्या तयार बोर्डावर बसवून विकतात त्याकडे बघावे लागते. बोर्डावरचा निळा स्क्रू फिरवणे म्हणजे कॅलिब्रेशन, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. तो स्क्रू फक्त डिजिटल पिन कोणत्या पातळीला दिवा लावणार एवढे ठरवतो. आपण माप घेतो त्या अॅनालॉग पिनवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. खरी मेख भाररोधात, म्हणजे सेन्सरला जोडून एकसरीत बसवलेल्या आणि ज्यावरचा व्होल्टेज मोजतात त्या रोधकात आहे. डेटाशीट २० किलो-ओहम सुचवते, पण बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर ‘१०२’ छापलेला, म्हणजे १ किलो-ओहमचा रोधक असतो. सेन्सरचा रोध १०० किलो-ओहम धरला, तर व्होल्टेज वाचणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम १० पायऱ्या वापरात येतात. एक पायरी इकडेतिकडे झाली की मापनात १० टक्के फरक. त्या जागी २० किलो-ओहम बसवला की पायऱ्या १७० होतात. सोल्डरिंगची ही पाच मिनिटे पुढच्या सगळ्या गणितापेक्षा मोलाची आहेत. नोडएमसीयूसारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडताना व्होल्टेज कमी करणारा विभाजक लावावा लागतो, आणि त्याचे रोधक भाररोधाला समांतर येतात हे हिशेबात धरावे लागते.

नवा सेन्सर किमान २४ तास, जमल्यास ४८ तास, ५ व्होल्टवर सलग तापवतात. हीटर पाऊण वॉटच्या आसपास वीज खातो. मोबाइलच्या हलक्या चार्जरवर व्होल्टेज बसले की थर कमी तापतो आणि तापवण्याची मेहनत वाया जाते.

मुंबईतली खरी अडचण यानंतर सुरू होते. स्वच्छ हवा आणायची कुठून? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या भागात सकाळी, किंवा खारे वारे जोरात असताना समुद्राकडच्या गच्चीवर मोजणे हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. मतलई वाऱ्यांच्या वेळी, हिवाळ्यात पहाटे, शहराचीच हवा समुद्राकडे जात असते. त्या वेळी मोजलेला आर-शून्य मुळातच खोटा. गॅलरीत लावलेल्या सेन्सरला समुद्राचा वेगळा त्रास आहे. खाऱ्या पाण्याचा तुषार थर बिघडवतो आणि पावसाळ्याआधी खिडक्यांना भरलेल्या सिलिकॉनची वाफ तर त्याला कायमचा बधिर करते. दोन्ही इशारे डेटाशीटमध्ये आहेत, वाचतो कोण.

सर्वांत मोठा गोंधळ दमटपणाचा. आर्द्रता आणि तापमान वाढले की रोध उतरतो आणि सेन्सर प्रदूषण वाढल्याचे सांगतो. डेटाशीटमध्ये ३३ व ८५ टक्के आर्द्रतेचे दोन वक्र दिलेले असतात. मुंबईत जुलैत हवा पावसाने धुऊन निघते आणि आर्द्रता ८५ च्या वर राहते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते आणि धूळ-धूर जमिनीलगत साचून राहतो. दुरुस्ती न केलेल्या एमक्यू-१३५ चा आलेख म्हणूनच वर्षाच्या हवेची उलटी कुंडली मांडतो. शेजारी तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई-२८० किंवा डीएचटी-२२ सेन्सर लावून दोन्ही मापे नोंदवणे आवश्यक, पण हात-दीड हात अंतरावर, नाहीतर एमक्यूच्या हीटरचीच ऊब मोजली जाते.

माहीत असलेले प्रमाण घरी तयार करण्याची एक रीत अल्कोहोलची आहे. ५० पीपीएम अल्कोहोलवरही कॅलिब्रेशन करता येते, असे डेटाशीट म्हणते. पाण्याच्या २० लिटरच्या कोरड्या जारमध्ये ५० पीपीएम साधायला सुमारे २.४ मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल पुरते. एवढा थेंब हाताने मोजता येत नाही. त्यावर उतारा असा: एक भाग इथेनॉलमध्ये पाणी घालून एकूण दहा भाग करायचे आणि यू-४० इन्सुलिन सिरिंजची एक रेघ, म्हणजे २५ मायक्रोलिटर, जारच्या भिंतीवर सोडायची. जारचे तोंड बंद करून, आतल्या छोट्या पंख्याने हवा ढवळून, आकडा स्थिरावला की रोध नोंदवायचा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असते. पावसाळ्यात जारची हवा आधीच ओलसर असल्याने थेंब रेंगाळतो. हा प्रयोग फेब्रुवारीत करावा.

एवढे करूनही पीपीएमवर किती विसंबावे? आलेखातून काढलेल्या सूत्रात गुणोत्तराला घातांक असतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रसिद्ध सूत्रात तो २.७७ आहे, म्हणजे गुणोत्तर १० टक्के चुकले की उत्तर ३० टक्के चुकते. त्यातून कार्बन डायऑक्साइड हा मुळात पुरता जळून झालेला वायू. थरावरचा ऑक्सिजन घेण्याजोगे त्याच्यात काही उरलेले नसते. फुंकर मारल्यावर आकडा चढतो तो मुख्यतः श्वासातल्या ओलाव्याने. बाहेरच्या हवेत ४०० पीपीएम आहे असे गृहीत धरून आर-शून्य काढायचा आणि मग सेन्सरने ४०० दाखवले म्हणून खूश व्हायचे, हा स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासण्याचा प्रकार आहे.

अमोनियाचे गणित आणखी बोलके आहे. भारतीय मानकानुसार (२००९) हवेतल्या अमोनियाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ०.५७ पीपीएम. सेन्सरचा मापनपट्टा मात्र १० पीपीएमपासून सुरू होतो. चेंबूर-माहुलच्या कारखान्यांवर घरबसल्या नजर ठेवू पाहणाऱ्याला हे आधी समजलेले बरे: हवेने मर्यादा ओलांडली तरी ती या सेन्सरच्या उंबरठ्याच्या सतराव्या हिश्शाशीच असते. राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषके मोजतात आणि मुंबईचा आकडा बहुतेक दिवस धूलिकण ठरवतात. ते या सेन्सरला दिसतच नाहीत.

म्हणून जाणकार पीपीएम न दाखवता आरएस भागिले आर-शून्य हेच गुणोत्तर नोंदवतात आणि सेन्सरची तुलना त्याच्या स्वतःच्याच कालच्या मापाशी करतात. बंद स्वयंपाकघरात पंखा लावल्यावर धूर किती वेळात निघतो, गणपतीत धूप पेटवल्यावर खोलीची हवा कधी पूर्वपदावर येते, असल्या प्रश्नांना तो चोख उत्तर देतो. दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच वेळी आर-शून्य पुन्हा घेतात आणि जुने आकडे न खोडता तारखेसह ठेवतात. सेन्सर बदलला की मात्र ४८ तासांपासून सगळे पुन्हा.