गाठ मुठीएवढी, मग पंधरा किलो गेले कुठे?

कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा लिंबाएवढी, फार तर मुठीएवढी. तिचं वजन ग्रॅममध्ये मोजावं लागतं. रुग्ण मात्र दहा-पंधरा किलोंनी उतरलेला असतो, गालफडं बसलेली, हाडं वर आलेली. हे मांस ‘गाठीनं खाल्लं’ म्हणावं, तर हिशेब जुळत नाही.

गाठ हावरट असते, यात वाद नाही. पीईटी स्कॅनमध्ये ती चमकते, ती ग्लुकोज ओढून घेते म्हणूनच. ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं, की ऑक्सिजन हाताशी असूनही या पेशी बरंचसं ग्लुकोज अर्धवट वापरून त्याचं लॅक्टेट करून टाकतात. त्यातून एका रेणूमागे ऊर्जेची, म्हणजे एटीपीची, जेमतेम २ नाणी मिळतात. त्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करायला यकृत ६ नाणी मोजतं. तोट्याचाच धंदा, पण एवढ्यानं माणूस इतका खंगत नाही.

खंगवतात ते निरोप. गाठ आणि तिच्याभोवती जमलेल्या प्रतिकारपेशी रक्तात तऱ्हेतऱ्हेची रसायनं सोडतात. १९८५मध्ये ब्रूस ब्यूटलर, अँथनी सेरामी आणि सहकाऱ्यांना आढळलं, की प्राण्यांना झिजवणारं ‘कॅकेक्टिन’ आणि गाठी मारतं म्हणून नावाजलेलं ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ ही एकाच रेणूची दोन नावं आहेत! असे निरोप पोचले, की स्नायूंमधली निकामी प्रथिनं मोडणारी रोजची साफसफाई धडधाकट प्रथिनांवरही हात टाकते. उपासमारीत शरीर आधी चरबी जाळतं, स्नायू होता होईल तो राखतं. इथे दोन्ही एकदमच जातात. श्वासाचे स्नायूही सुटत नाहीत.

या झिजेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर तिची शंका घेतात. स्वादुपिंड, जठर आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ती जास्त दिसते. नुसतं जेवण वाढवून ती भरून निघत नाही, म्हणून ‘चार घास जास्त खा की’ असं रुग्णाला रागावण्यात अर्थ नाही. साखर तोडून गाठ उपाशी मारण्याचा सल्ला तर उलटाच पडू शकतो: बाहेरून ग्लुकोज आलं नाही, तर यकृत स्नायूंच्याच प्रथिनांपासून ते बनवतं.

भूकही अशाच एका निरोपानं मरते. जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन मेंदूच्या देठाशी पोचलं, की अन्नाची शिसारी येते. पॉन्सेग्रोमॅब ही अँटिबॉडी हेच प्रथिन अडवते. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती घेणाऱ्या रुग्णांचं वजन १२ आठवड्यांत वाढलं. गाठीला ती हातही लावत नाही.