आधी डाळ, मग चिंच

आमटीत चिंचेचा कोळ कधी घालायचा हे मराठी घरात कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. डाळ शिजते, रवीने घोटली जाते, फोडणीत पडते, तिला उकळी येते आणि मग कोळ आणि गूळ येतात. पण नव्यानेच स्वयंपाकाला लागलेल्या कुणी वेळ वाचवायला कच्च्या डाळीतच चिंच, गूळ, टोमॅटो टाकून कुकर लावला, तर झाकण उघडल्यावर पुष्कळदा पिवळ्या पाण्याखाली डाळीचे दाणे बरेचसे अख्खेच दिसतात. पुन्हा शिट्ट्या दिल्या तरी मध्ये कणी राहते. आपल्या साध्या शाकाहारी स्वयंपाकात अशा आधी-नंतरच्या गोष्टी खूप आहेत आणि त्यांच्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. ज्यांनी हा क्रम बसवला त्यांनी तो पातेल्याजवळ उभं राहून, बघून बघून बसवला. त्यांच्या निरीक्षणाचं मला फार मोल वाटतं.

तुरीच्या डाळीचा एक दाणा घ्या. त्यात असंख्य पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीत स्टार्चचे कण आणि प्रथिनं भरलेली असतात. पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. विटांच्या मधला चुना भिंत धरून ठेवतो, तसं पेक्टिन दाणा धरून ठेवतं. पेरूची जेली घट्ट होते तीही याच पेक्टिनमुळे. उकळत्या पाण्यात पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटायला लागतात, तुकडे पाण्यात विरघळतात आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. डाळ शिजली का हे पाहायला आपण एक दाणा चिमटीत धरून दाबतो आणि तो मऊ लगदा होऊन पसरतो. तो लगदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुतेक पेशी अख्ख्याच दिसतात, फक्त सुट्या झालेल्या. डाळ शिजणं म्हणजे मुख्यतः पेशी सुट्या होणं.

पेक्टिनची साखळी किती वेगाने तुटेल हे पाणी किती आंबट आहे यावर अवलंबून असतं. साध्या पाण्यात ती भराभर तुटते. आम्लता वाढून पीएच (आंबटपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) ४ च्या आसपास आला की हाच वेग अगदी मंदावतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल, टोमॅटोतलं सायट्रिक आम्ल, आमसुलातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, सगळ्यांचा परिणाम सारखाच. विश्वास बसत नसेल तर बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी दोन पातेल्यांत उकळायला ठेवा आणि एकात चिंचेचा घट्ट कोळ घाला. साध्या पाण्यातली फोड सुरी लावताच दुभंगेल, तेव्हा कोळातली फोड अजून करकरीत असेल आणि तिच्या कडाही धारदार राहिलेल्या दिसतील. रस्साभाजीत टोमॅटो आधी परतून त्यातच बटाटे घातले की ते शिजता शिजत नाहीत, त्याचं कारण हेच. उलट, फोडी मोडू नयेत असं वाटत असेल तेव्हा आंबट आधी घालणं फायद्याचं. भेंडीच्या भाजीत आमसूल किंवा ताक लवकर पडतं ते मात्र आणखी वेगळ्या कारणासाठी: आम्लामुळे भेंडीच्या बुळबुळीत रसाचा चिकटपणा कमी होतो.

पेक्टिनला बळ देणारं दुसरं काही असेल तर ते कॅल्शियम. पेक्टिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना ते सांधून टाकतं. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार आपल्याकडे गावोगाव ऐकू येते आणि ती शंभर टक्के खरी आहे. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. त्यातच एक उपायही आहे. पाणी आधी उकळून, गार करून, वरवरचं ओतून घेतलं की कॅल्शियमचा काही भाग तळाशी बसलेल्या थरात राहतो आणि डाळ जरा लवकर शिजते. आरओचं पाणी असेल तर ते डाळीपुरतं वापरावं, भांडी घासायला बोअरचं चालतं. गूळही शेवटी घालायचा तो यामुळेच, कारण गुळात कॅल्शियम असतं आणि थोडा आंबटपणाही.

जुनी डाळ हा याचाच पुढचा भाग. पावसाळाभर डब्यात राहिलेली डाळ किंवा मागच्या वर्षीचे हरभरे कितीही शिजवले तरी टणकच राहतात. ताज्या दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतो. दमट, उबदार हवेत महिनोन्‌महिने राहिलेल्या दाण्यात एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) हे फायटेट हळूहळू तोडतं आणि मोकळं झालेलं कॅल्शियम पेक्टिनकडे जातं, असं यामागचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण आहे. म्हणून वर्षाची डाळ भरायची तर कडकडीत ऊन देऊन, कोरड्या आणि गार जागी. घाई असली की काही घरांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन झपाट्याने तुटतं, पण ब१ जीवनसत्त्वही नष्ट होतं आणि जास्त झाला तर चव साबणासारखी लागते. मला हा सौदा पटत नाही. रात्रभर भिजवणं हा त्याहून फार चांगला मार्ग आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तरी काही बिघडत नाही. आधी मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलो, पण मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट मऊ होते. राजमा, हरभरे यांच्या बाबतीत हा फरक चांगला जाणवतो. तुरीच्या डाळीला साल नसल्याने तिथे फारसा कळत नाही.

आता कुकर. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरला ९६ च्याही किंचित खाली. गॅस कितीही मोठा करा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही, नुसती वाफ जास्त होते. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं भांडं बनवून वाफ आत कोंडली आणि दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर जातो याचा स्वयंपाकात उपयोग करून दाखवला. आपल्या घरातल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळे आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत चढतं. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर वीस अंशांनी चौपट. तासाभराची डाळ पाव तासात होते ती अशी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मोठ्या गॅसवर पाच शिट्ट्या काही मिनिटांत होतात आणि मंद गॅसवर तेवढ्या वेळात एखादीच. दाब एकदा पूर्ण झाला की आतलं तापमान दोन्हीकडे सारखंच असतं. जास्तीचा गॅस फक्त वाफ बाहेर घालवतो आणि पाणी आटवतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि घड्याळाकडे पाहून दहा-बारा मिनिटं ठेवावं. गॅसची बचत होते आणि डाळ उतू जाऊन शिट्टीत अडकत नाही. डाळीत थेंबभर तेल घालण्याची रीतही त्यासाठीच, तेलामुळे प्रथिनांचा फेस बसतो.

डाळ घोटून तयार झाली तरी तिला अजून वास नसतो. तो फोडणीने येतो. मसाल्यांचे वासाचे आणि रंगाचे बरेचसे घटक पाण्यात जेमतेम विरघळतात, तेलात सहज विरघळतात. हळदीतलं कर्क्युमिन, मिरचीतला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन आणि तिचा लाल रंग, जिऱ्यातलं क्युमिनाल्डिहाइड, सगळे तेलाचे सोबती. त्यात तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे पाण्याला कधीच न जमणारं काम ते करतं. मोहरीतल्या थोड्याशा ओलाव्याची वाफ होते आणि दाणा तडतडतो, म्हणजे तेल पुरेसं तापल्याची खूण मिळते. जिरं त्याहून लवकर करपतं म्हणून मागाहून. हिंगाला काही क्षण पुरतात, तेवढ्यात त्यातल्या गंधकयुक्त संयुगांचा उग्रपणा मावळतो आणि कांदा-लसणाच्या जवळ जाणारा खमंग वास उरतो. कढीपत्त्याच्या पानांत पाणी असतं, त्यांनी तेलाचं तापमान थोडं उतरतं आणि मग हळद-तिखटाची बारीक पूड करपायच्या आत रंग सोडते.

मोहरीकडे तर क्षणभर थांबून पाहण्यासारखं आहे. हीच मोहरी लोणच्यासाठी पाणी घालून फेसली की नाकात झणझणते, फोडणीत मात्र तिचा तिखटपणा जवळजवळ नाहीसा होतो. अख्ख्या दाण्यात ती झणझणीत चव तयार नसतेच. तिचा कच्चा माल एका कप्प्यात आणि तो फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. दाणा चिरडून पाणी मिळालं की दोघं भेटतात आणि मोहरी चढते. तापलेल्या तेलात ते विकर आधीच निकामी होतं, मग दाणा नंतर दाताखाली फुटला तरी खमंग लागतो, झणझणत नाही.

ताकातल्या पालकातही हाच क्रम पाळावा लागतो. हरभऱ्याची डाळ आणि दाणे पालकाबरोबर आधी शिजवून घ्यायचे, कारण ताकाच्या आंबटपणात ते मऊ होणार नाहीत. बेसन लावलेलं ताक नंतर ओतायचं. बेसनातला स्टार्च ताकातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गाठी होऊ देत नाही, आणि तरीही आच मंद ठेवून ढवळत राहावं लागतं. पालकाचा हिरवा रंग मात्र थोडा उतरतोच, कारण आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतं. झाकण न ठेवता, थोडा वेळच शिजवला तर बराचसा हिरवेपणा टिकतो.

पानात वरण-भात वाढला की शेवटी येतं लिंबू. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. डाळीत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असतं, भातात लायसीन कमी असतं, दोन्ही मिळून उणीव भरून निघते. एकाच घासात दोन्ही हवेत असं नाही, दिवसभरात पोटात गेले तरी चालतं. पण डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढतं आणि क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू पातेल्यात उकळण्यापेक्षा पानात पिळलेलं बरं. चहातली टॅनिनं याच्या नेमकं उलट काम करतात, लोहाला बांधून ठेवतात. जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल, तर तो तासाभराने घ्यावा. घरात ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी तर नक्कीच.