पाँटिअ‍ॅक जीटीओ : प्रारंभीची मॉडेल वर्षे (१९६४–६७)

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या पाँटिअ‍ॅक विभागाची मध्यम बांध्याची, मोठ्या इंजिनाची मोटारगाडी. ‘मसल कार’ या वर्गाचा आरंभ सामान्यतः हिच्यापासून धरतात. काही अभ्यासक तो मान ओल्ड्समोबील रॉकेट ८८ (१९४९) किंवा क्रायस्लर सी-३०० (१९५५) यांना देतात. क्रायस्लरची गाडी मात्र आकाराने मोठी आणि महाग होती. मध्यम बांधा, मोठे इंजिन आणि तरुण गिऱ्हाइकाला झेपणारी किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यास जीटीओचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा कंपनीचा दंडक होता. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या कंपनीच्या अभियंत्यांनी ३८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता टेम्पेस्ट लेमान्सवरील सुमारे २९५ डॉलरच्या ऐच्छिक संचात घातले आणि दंडकाला बगल दिली. प्रारंभी ५,००० गाड्यांची मर्यादा ठरली होती. १९६४ साठी ३२,४५० गाड्या निघाल्या. नाव फेरारीकडून घेतलेले. पुढच्या मडगार्डवरील बिल्ल्यावर ‘६.५ लिटर’ असे असले, तरी ३८९ घन इंच म्हणजे जेमतेम ६.४ लिटर.

‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकातील चाचणीचे आकडे जपूनच वापरावेत. त्यातील एका गाडीत ४२१ घन इंचांचे इंजिन होते, हे जाहिरातीचे सूत्रधार जिम वँगर्स यांनी पुढे मान्य केले.

चार-नळी कार्बोरेटरसह ३२५, तर ‘ट्राय-पॉवर’सह ३४८ अश्वशक्ती (दोन्ही आकडे स्थूल, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, जोडसाधनांविना चालवून मोजलेले). ट्राय-पॉवरमध्ये दोन-नळी रॉचेस्टर कार्बोरेटर ओळीने तीन असतात. एरवी मधलाच चालतो. पेडल खोल दाबले की बाजूचे दोन उघडतात. त्यामुळे शहरात सावकाश फिरणाऱ्या गाडीत बाजूच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल पडून राहते आणि चिकट थर धरते. बाजूच्या झडपा पूर्ण मिटल्या नाहीत, तर हवा आत शिरून आयडलिंग (उभ्या गाडीतील इंजिनाचा वेग) चढते. मधल्या कार्बोरेटरचा आयडलिंगचा स्क्रू पिळत बसण्याआधी त्या तपासाव्यात.

जीटीओ ऐच्छिक संच म्हणून विकल्याने झालेली खरी अडचण अस्सल गाडी ओळखण्याची आहे. १९६४ च्या जीटीओचा चेसिस नंबर साध्या व्ही-८ लेमान्सप्रमाणेच ८२ ने, आणि १९६५ चा २३७ ने सुरू होतो. म्हणून बिल्ले लावून ‘बनवलेल्या’ जीटीओ पुष्कळ. १९६४ साठी इंजिनाच्या ब्लॉकच्या समोर उजवीकडे ठोकलेला संकेत पाहावा : हाती गिअरच्या गाडीत ७८एक्स म्हणजे चार-नळी, ७६एक्स म्हणजे ट्राय-पॉवर. हेडवर (सिलिंडरांवरील झाकणावर) ७१६ हे ओतीव अंक असावेत. इंजिन बदललेले असू शकते, म्हणून कारखान्याचे मूळ बिल हाच भक्कम पुरावा.

१९६५ मध्ये दिवे एकावर एक आले, शक्ती ३३५ व ३६० झाली आणि ७५,३४२ गाड्या निघाल्या. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली (चेसिस नंबर २४२ पासून). ९६,९४६ ही तिची सर्वोच्च संख्या. १९६७ मध्ये ४०० घन इंचांचे इंजिन आले, ट्राय-पॉवर बंद झाले आणि दोनऐवजी तीन टप्प्यांचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही याच वर्षी, तेही ऐच्छिक. त्याआधीचे साडेनऊ इंची ड्रम दोन-तीन जोरदार दाबांत तापून निकामी होत. १९६८ च्या गाडीची बांधणी नवी असून पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ११५ वरून ११२ इंचांवर आले.