लॅमिनारमध्ये टीबीचे नमुने उघडू नका

"ताई, टीबीचे नमुने लॅमिनारमध्येच उघडतो. हेपा फिल्टर आहे ना त्यात!" बडोद्यात लॅब टेक्निशियनना शिकवताना हे वाक्य मी मराठीत आणि गुजरातीत इतक्यांदा ऐकलंय की आता पोटात गोळाच येतो.

लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं कामाचं कपाट, तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात त्यातच जंतू वाढवायच्या प्लेटा ओतल्या, कुणी केळीचं टिश्यू कल्चर केलं. टीबीच्या नमुन्यांसाठी लागणारं बायोसेफ्टी कॅबिनेटही दिसायला तसंच असतं: काच, जंतू मारणारा यूव्ही दिवा, पंखा, स्टीलचा ओटा. पण दिसण्यावर जाऊ नका.

हेपा दोन्हींत असतो आणि 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. पण तो कुठे बसवलाय? लॅमिनारमध्ये फिल्टर नमुन्याच्या आधी असतो. गाळलेली हवा नमुन्यावरून जाते आणि पुढे न गाळता थेट तुमच्या तोंडावर येते. झोत वरून खाली येणारा असला तरी हवा शेवटी पुढूनच बाहेर पडते. म्हणजे प्लेट सुरक्षित, माणूस उघडा. ट्यूबचं झाकण काढलं, व्होर्टेक्स केलं म्हणजे यंत्रावर गरागरा घुसळलं, पिपेटमधून शेवटचा थेंब फुंकला की बारीक तुषार उडतात. टीबीचे जंतू वाहणारे 1 ते 5 मायक्रॉनचे कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. लॅमिनार तेच कण तुमच्याकडे ढकलतं.

क्लास टू प्रकारच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये समोरची हवा मिनिटाला साधारण 100 फूट वेगाने आत ओढली जाते आणि ओट्याच्या पुढच्या कडेला असलेल्या जाळीतच उतरते, नमुन्यापर्यंत पोचत नाही. नमुन्यावर वरून गाळलेली हवा येते. नमुन्याला लागलेली हवा पुन्हा हेपातून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. माणूस, नमुना आणि खोली, तिन्ही राखली जातात.

वर्गात मी अगरबत्ती पेटवते. रिकाम्या कॅबिनेटच्या तोंडाशी धरली की धूर जाळीत ओढला जातो, लॅमिनारच्या तोंडाशी धरली की तोंडावर येतो. एवढं पाहिलं की पोरं गप्प होतात.

म्हणूनच त्या जाळीवर रजिस्टर ठेवलेलं मला खपत नाही. जाळी झाकली की हवेचा पडदा फाटतो. हात सरळ आत न्या, सरळ बाहेर काढा, हलवाहलव करू नका. आत बर्नर तर नकोच, ज्योत झोत बिघडवते. यूव्ही लावला म्हणून ओटा पुसायचा राहिला, हेही चालणार नाही.

संशय टीबीचाच असायला हवा असंही नाही. गुरांमागे राबणाऱ्याचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची चाचणी, पॉझिटिव्ह आलं की त्यात ब्रुसेला हा गुरांकडून माणसाला होणारा जिवाणू असू शकतो, आणि लॅबमध्ये होणाऱ्या जिवाणूसंसर्गांत त्याचं नाव फार वरचं आहे. ब्लड कल्चरची ती बाटली कॅबिनेटमध्येच उघडा.

कॅबिनेटची ऑर्डर देताना "क्लास टू, टाइप ए-टू" असा प्रकार स्पष्ट लिहा आणि दरवर्षी झोताची नि फिल्टरची तपासणी करून घ्या. जुनं लॅमिनार टाकू नका, मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, प्लेटांत ओतायला ते उत्तम आहे.