तबल्याच्या पुडीची कंपने

तबल्याच्या पुडीची कंपने : ताणलेल्या गोल कातड्याच्या (पुडीच्या) मध्यावर शाईचा, म्हणजे काळ्या लेपाच्या चकतीचा, भार दिल्यामुळे ज्याचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उठणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात, अशा पटलाची कंपने. तबला, पखवाज, मृदंगम् आणि ढोलकीची शाईची बाजू ही या गटातली वाद्ये. हलगी, ढोल, ताशा किंवा गोव्याचे घुमट यांच्या कातड्यावर असा भार नसतो. त्यांचा ठोका जोरकस असतो, पण तो अमुक स्वरात लागला आहे असे कानाला ठामपणे सांगता येत नाही.

साधे पटल बेसूर का : तार छेडली की तिची मूळ वारंवारता आणि तिच्या 2, 3, 4, 5 पट वारंवारता एकत्र ऐकू येतात. हे सगळे एकमेकांत मिसळून एकच स्वर जाणवतो. कातड्याचे तसे नाही. लाट एकाच रेषेत नव्हे, तर सर्व दिशांनी पसरते आणि काठावरून परतते. त्यातून तयार होणारे कंपनांचे प्रकार निस्पंद रेषांवरून ओळखतात. स्थिर राहणाऱ्या या रेषा काही व्यासांच्या रूपात असतात, तर काही वर्तुळांच्या. काठ हे पहिले वर्तुळ धरून (व्यास, वर्तुळे) अशी जोडी लिहिण्याची पद्धत आहे. (0,1) मध्ये सगळे कातडे एकदम वर-खाली होते. (1,1) मध्ये एका व्यासाच्या अलीकडची बाजू वर जाते तेव्हा पलीकडची खाली. एकसारख्या जाडीच्या पटलात (0,1) ची वारंवारता 1 मानली, तर पुढच्या प्रकारांच्या वारंवारता 1.593, 2.136, 2.295, 2.653, 2.917 अशा येतात. या आकड्यांत पटीचे नाते कुठेच नाही. गोल पटलाच्या गणितात येणाऱ्या बेसेल फलांच्या शून्यांवरून ते ठरतात, त्यामुळे ताण वाढवून किंवा पुडी लहान करून हे गुणोत्तर हलत नाही. फक्त सगळे आकडे एकत्र वर-खाली सरकतात.

शाई काय करते : मध्यावर वजन आले की ज्या प्रकारांत मध्यभाग जास्त हलतो ते जास्त मंदावतात. (0,1) सर्वांत जास्त खाली येतो. (1,1), (2,1), (3,1) यांच्या निस्पंद रेषा मध्यातूनच जातात, तिथे हालचाल थोडी. म्हणून त्यांच्यावर भाराचा परिणाम उत्तरोत्तर कमी. मूळ स्वर असा खाली ओढला गेला की 1.593 चे गुणोत्तर 2 कडे जाते. पुढचे प्रकार गटागटाने एकत्र येतात : (2,1) आणि (0,2) तिसऱ्या पटीवर, (3,1) आणि (1,2) चौथ्या पटीवर, तर (4,1), (2,2) आणि (0,3) हे तिघे पाचव्या पटीवर. म्हणजे नऊ प्रकार आणि संनादी (पूर्ण पटीतले) स्वर पाच. हा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांचा. 1920 साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह त्यावरचे टिपण ‘नेचर’मध्ये दिले आणि 1934 मध्ये सविस्तर निबंध लिहिला. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून ती कुठे स्थिरावते, यावरून त्यांनी निस्पंद रेषा टिपल्या.

गणिती बाजू 1954 मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी मांडली. त्यांनी पुडी दोन भागांची मानली : आत जड चकती, बाहेर हलके कडे. शाईची त्रिज्या पुडीच्या 0.4 पट आणि तिथली क्षेत्रीय घनता (दर एकक क्षेत्रफळाचे वस्तुमान) बाहेरच्या सुमारे दहापट असली की गुणोत्तरे पूर्णांकांच्या अगदी जवळ येतात. घनता दहापट म्हणजे लाटेचा वेग शाईत सुमारे एक-तृतीयांश. प्रत्यक्षात शाई अशी एका पायरीत संपत नाही, ती काठाकडे पातळ होत जाते; तरी प्रतिमान बरेच खरे उतरते. त्यातला कच्चा दुवा (0,1) आहे. खोड, म्हणजे तबल्याचे पोकळ लाकडी अंग, खालून बंद असल्याने कातडे सबंध खाली जाताना आतली हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उलट ढकलते, त्यामुळे हा प्रकार अपेक्षेपेक्षा चढा राहतो. उघडा ‘तूं’ वाजवला की तो ‘ना’च्या बरोबर खालच्या सप्तकात बसत नाही, थोडा वर लागतो. हा बनावटीतला दोष नव्हे.

शाई भरणे : पुडी खोडावर ताणून मगच शाई भरतात. भात किंवा मैद्याची खळ आणि लोहयुक्त काळी भुकटी एकत्र मळून तिचा पातळ थर देतात आणि तो ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात. नंतरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान वर्तुळात. घोटताना शाईत बारीक भेगांचे जाळे पडते. त्या हव्याच असतात. त्यांच्यामुळे शाई कातड्याबरोबर वाकते आणि भार देऊनही ताठरपणा आणत नाही. एकसंध, न भेगाळलेली चकती बसवली तर ती स्वतःच पत्र्यासारखी वागेल आणि वरचे सगळे गणित कोलमडेल. थर कमी पडले तर आवाज साध्या चामड्याकडे झुकतो. जास्त झाले तर मूळ स्वर गरजेपेक्षा खाली जातो आणि आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) दबते. शाई मध्यापासून सरकली, तर ती पुडी कितीही मिळवली (सुरात लावली) तरी एका बाजूला वेगळीच बोलते.

पुडीच्या काठावरचे कातड्याचे दुसरे कडे, म्हणजे चाट, पाचव्या पटीच्या पलीकडचे नको असलेले उपस्वर शोषून घेते.

बोल आणि निस्पंद रेषा : ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. टेकलेल्या बोटाखाली हालचाल करू पाहणारा (0,1) तिथेच मरतो. ज्यांची निस्पंद रेषा बोटाखालून जाते तेच प्रकार उरतात. त्यांत (1,1) ठळक. त्याची आस लांबतेही, कारण एक बाजू हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते, त्यामुळे ऊर्जा हवेत सावकाश जाते. चाटेवरच्या आघाताने वरचे संनादी भरपूर उठतात, म्हणून ‘ना’ टोकदार. बोटाची टेक तशीच ठेवून आघात लवेवर (चाट आणि शाई यांमधल्या मोकळ्या कातड्यावर), शाईजवळ केला की वरचे संनादी कमी होतात आणि ‘तीं’ मऊ लागतो. टेक काढली की (0,1) मोकळा होतो : तो ‘तूं’. नवशिक्याचा ‘ना’ बहुधा बिघडतो तो अनामिका दाबून ठेवल्याने. बोट निस्पंदावर नुसते ठेवायचे असते, कातडे अडवायचे नसते.

मिळवणे : वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तबला अर्ध्या स्वराने चढवायला ताण सुमारे 12 टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वराने चढवायला सुमारे 26 टक्के. मोठा फरक गठ्ठे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून काढतात, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या विणलेल्या कड्यावर) हातोडीने. गजऱ्यावर वरून ठोका दिला की स्वर चढतो, खालून वर दिला की उतरतो. गजऱ्याची घरे (वादीच्या दोन वेढ्यांमधल्या जागा) सोळा, गठ्ठे आठ. प्रत्येक गठ्ठ्यासमोर ‘ना’ वाजवून स्वर तपासतात.

इथे एक बारकावा आहे. (1,1) चा निस्पंद व्यास कुठल्याही दिशेने असू शकतो. ताण सगळीकडे सारखा असेल तर सर्व दिशांची वारंवारता एकच. एका व्यासावर ताण जास्त आणि काटकोनातल्या व्यासावर कमी असेल, तर प्रकार दोन वारंवारतांत फुटतो. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरातल्या) तबल्यात एक 277 आणि दुसरी 280 हर्ट्झ झाली, तर सेकंदाला तीन वेळा आवाज लहरतो. तबलजी म्हणतात, तबला सुरात नाही. हा प्रकार व्यासाच्या दोन्ही टोकांना सारखाच दिसतो, म्हणून एकाच घरावर ठोकत राहण्यापेक्षा समोरासमोरच्या घरांची जोडी धरून मिळवणे फलदायी ठरते.

कातडे बाष्प शोषते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ते सैलावून तबला उतरतो. कोरड्या हवेत आणि मंचावरच्या प्रखर दिव्यांखाली चढतो. दमटपणाने शाईचे बंधही सुटतात. सुटलेला कण कातड्यावर आपटत राहिला की चरचर येते, आणि ती मिळवून जात नाही. पुडी तिच्या मापाच्या स्वरापेक्षा फार चढवली तर फाटण्याची भीती, फार उतरवली तर आस जाते. म्हणून साथीला बसणारे वादक वेगवेगळ्या स्वरांचे तबले जवळ बाळगतात.

डग्गा आणि पखवाज : डग्ग्याची, म्हणजे जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याची, शाई मुद्दाम एका बाजूला असते. उरलेल्या रुंद लवेवर मनगट टेकवून सरकवले की कंप पावणारे क्षेत्र घटते, ताण वाढतो आणि स्वर मींडेसारखा (न तुटता सरकत) चढतो. संनादी जुळण्यापेक्षा इथे स्वर वाकवता येणे महत्त्वाचे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कायमची शाई नसून वादनापूर्वी ओली कणीक लावतात. कणीक वाढवली की स्वर खाली जातो, खरवडली की वर येतो. वाजवता वाजवता ती सुकून हलकी झाली तर पाण्याचा हात फिरवून पुन्हा जड करतात.