बी.एस्सी. नंतर औषध कंपनीत: अॅप्रेंटिसशिप, कागदपत्रं आणि 'अप्रूव्ह्ड केमिस्ट'ची ३ वर्षं

औषध कंपनीत पहिली नोकरी गुणांवर मिळते, पण पुढे 'अप्रूव्ह्ड केमिस्ट' म्हणून, म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली उत्पादन होतं अशी मान्यता मिळालेली व्यक्ती म्हणून, कंपनीच्या औषध उत्पादनाच्या लायसन्सवर नाव लागायचं असेल तर कायदा अनुभव मोजतो. औषधे नियम, १९४५ मधल्या नियम ७१ प्रमाणे औषधाचं उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं. बी.फार्म.ला त्यासाठी १८ महिन्यांचा अनुभव पुरतो. बी.एस्सी.ला ३ वर्षं लागतात, आणि पदवीत केमिस्ट्री मुख्य विषय असावा लागतो. लस, सिरम, इंजेक्शन अशा शेड्यूल सी आणि सी-१ मधल्या उत्पादनांसाठी नियम ७६ लागू होतो. तिथे मायक्रोबायोलॉजीही चालतं. बॉटनी-झूऑलॉजीवाल्यांना पॅकिंग, स्टोअर किंवा डॉक्युमेंटेशनमध्ये काम मिळू शकतं, पण बी.एस्सी.च्या जोरावर उत्पादनाच्या अप्रूव्हलची ही वाट त्यांना नाही. हे प्रवेश घेतानाच कळलेलं बरं.

ही ३ वर्षं पदवीनंतरची धरतात. एटीकेटी राहिली असेल, तर तो विषय सुटेपर्यंत केलेलं काम त्यात येत नाही.

कुठल्या प्लांटमधला अनुभव धरला जातो, इथे सोलापूरच्या मुलांची सर्वांत जास्त फसगत होते. चिंचोली एमआयडीसी, शेजारचं तामलवाडी किंवा पुणे रस्त्यावरचं कुरकुंभ, सगळीकडे रिअॅक्टर सारखेच दिसतात. पण नियमात शब्द आहेत 'औषधांच्या उत्पादनाचा' अनुभव. नुसती इंटरमीडिएट (औषध तयार होण्याआधीच्या टप्प्यातली रसायनं) किंवा औद्योगिक रसायनं बनवणाऱ्या कारखान्याकडे औषध उत्पादनाचं लायसन्स नसतं, त्यामुळे तिथली वर्षं नंतर दाखवता येत नाहीत. इंटरव्ह्यूत सरळ विचारा: हा सेक्शन ड्रग लायसन्सखाली आहे का, आणि मला प्रॉडक्शनला घेणार की क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला)? क्यूसीचा अनुभव टेस्टिंगच्या अप्रूव्हलला उपयोगी पडतो, उत्पादनाच्या नाही. पगारात हजार-पाचशेचा फरक असला तरी आमच्या मते आधी सेक्शन बघावा.

सुरुवातीला शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खालची एक वर्षाची अॅप्रेंटिसशिप हा चांगला रस्ता आहे. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. एनएटीएस (केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करायची, आधार पडताळणी करून शिक्षण आणि बँकेचा तपशील भरायचा, मग कंपन्यांच्या जागा पाहून अर्ज टाकायचा. निवड झाल्यावर कंपनी पोर्टलवर करार तयार करते. तो वाचून स्वीकारल्याशिवाय रुजू होऊ नका. करार नोंदवलेला नसेल तर वर्षाअखेरीस प्रमाणपत्र मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत पदवीधराचं किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरलं होतं. तुम्हाला लागू असलेली रक्कम करारात लिहिलेली असते. एक अट मात्र लक्षात ठेवा: आधीच वर्षभर नोकरी किंवा प्रशिक्षण झालं असेल तर इथे पात्रता जाते. म्हणून अॅप्रेंटिसशिप करायची तर ती आधी.

विद्यावेतनातला शासनाचा वाटा डीबीटीने, म्हणजे थेट बँक खात्यात, येतो आणि तो अडकण्याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं. खात्याला केवायसीसाठी आधार जोडलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात जमा व्हायचे त्याची आधारशी नोंद, वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहतं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला ते असेल, तर पैसे तिकडे जातात. शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून घ्या.

फाइलमध्ये दहावी-बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पासिंग किंवा पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासबुक, फोटो आणि वैद्यकीय फिटनेस ठेवा. वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणाही बघतात, कारण टायट्रेशनचा (द्रावणाची तीव्रता काढायच्या चाचणीचा) शेवट रंगावरून ओळखायचा असतो. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमुळेही अर्ज अडतात. तेलुगू-कन्नड आडनावं गुणपत्रिकेवर एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने असणं आपल्याकडे नेहमीचंच. एखादं ई किंवा एच जास्त असलं तरी पोर्टलवरची पडताळणी थांबू शकते. दुरुस्ती आधारवर करा, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

लेखी चाचणीत हमखास विचारतात: ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर करायला किती लागेल? ४ ग्रॅम. पुढचा प्रश्न असतो, ते स्टँडर्डाइज का करायचं? तो पदार्थ हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणून वजनावरून नेमकी तीव्रता ठरत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी टायट्रेट करून ती काढावी लागते. एवढं समजून सांगता आलं तर उमेदवार प्रयोगशाळेत खरंच उभा राहिलेला आहे हे लगेच कळतं.

नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला लायसन्सधारक कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. कंत्राटदाराच्या दाखल्यावरून औषध उत्पादनाचा अनुभव सिद्ध करणं फार जड जातं. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, आणि टॅबलेट, कॅप्सूल, बल्क ड्रग (औषधाचा मूळ घटक) यांपैकी कशावर काम केलं ते लिहिलेलं असावं. नुसतं 'केमिस्ट म्हणून काम केले' एवढं चालवून घेऊ नका, कारण अन्न व औषध प्रशासन मान्यता देताना उत्पादनाचा प्रकार बघतं. मान्यतेचा अर्ज उमेदवार स्वतः करत नाही, तो कंपनी करते. त्या वेळी पदवी, गुणपत्रिका, नेमणूकपत्र आणि प्रत्येक जुन्या कंपनीचा दाखला लागतो. बंद पडलेल्या कंपनीकडून दाखला मिळवणं जवळपास अशक्य असतं, म्हणून तो शेवटच्या दिवशीच हातात घ्या.